बिट्टीचा कोट

प्रिय कॅप्टन,

तुझी चिठ्ठी मिळाली. प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर, लाल पेनानं, तीन ओळी. त्या मुलीला शिष्यवृत्तीच्या यादीतून काढा, दुसरी निवडा, आणि हे खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं ते मला कळवा. खाली सही, वॉर्डातल्या नर्सला सूचना लिहून करतेस तशी. शाळेत लाल गटाची कॅप्टन होतीस तेव्हाही तू मला अशीच रांगेबाहेर काढायचीस आणि मी बाहेर उभी राहून बडबड करायची. शाळेतल्या सिस्टरांनी माझं नाव आगाऊ ठेवलं ते उगाच नाही. तेव्हा आता ऐक. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, मधेच तुला कुणाचं तरी ब्लडप्रेशर आठवतं. म्हणून लिहायला बसले आहे, आणि हे पाकीट मी स्वतः तुझ्या हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीवर आणून देणार आहे. आज बुधवार. परवा दुपारी चार वाजता त्या मुलीला जायचंय त्या संस्थेतले प्रवेश बंद होतात. येत्या सोमवारपासून तिच्या मामानं तिला सरकारी दवाखान्याच्या लाँड्रीत, तिच्या आईच्या शेजारच्याच मशीनवर लावायचं ठरवलं आहे. एकदा तिथे उभी राहिली की ती पुन्हा बाहेर येणार नाही. अडतीस वर्षं मुलींची शाळा चालवली आहे मी. कोणती मुलगी कुठल्या सोमवारी हातची गेली हे मला तारखेनिशी सांगता येतं.

परवा सोमवारी मुलाखती चालू होत्या तेव्हा तू ऑपरेशन थिएटरमध्ये होतीस, त्यामुळे त्या खोलीत काय झालं ते तुला रबरस्टँपकडून कळलं. (आपले बँकवाले साहेब रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, पण तुझ्या शब्दावर ठप्पा मारायची सवय काही सुटत नाही.) त्यांनी तुला सांगितलं की लाँड्रीवालीच्या मुलीनं बिट्टीचा कोट घालायला नकार दिला आणि तिच्या स्मृतीचा अपमान केला. ते गृहस्थ कपाटाला टेकून चहा पीत होते आणि त्यांना अर्धं ऐकू येत नाही.

झालं ते असं. मुलगी आत आली, खुर्चीच्या टोकावर बसली. मार्क तर तू पाहिलेच आहेस, सात वर्षांत असे मार्क आपल्याकडे आले नव्हते. रबरस्टँपनी नेहमीचा प्रश्न विचारला, डॉक्टर का व्हायचंय. ती म्हणाली, नाही व्हायचं. त्यांना वाटलं, मुलगी घाबरली, म्हणून त्यांनी प्रश्न पुन्हा मोठ्यानं विचारला. तेव्हा तिनं सांगितलं की मागच्या वर्षी तिच्या आईच्या दवाखान्यात, कमी दिवसांच्या बाळांना ठेवतात ती पेटी अकरा दिवस बंद होती. दुरुस्तीवाला दुसऱ्या शहरातून यायचा होता. त्या अकरा दिवसांत वॉर्डातून लाँड्रीत आलेली लहान दुपटी तिनं घड्या घालून वर पाठवली, आणि त्यातली तीन परत आली नाहीत. तिथे डॉक्टर नव्हते का, असं रबरस्टँपनी विचारलं. ती म्हणाली, होते ना सर. चांगले होते. पेटी बंद होती.

तिला ती पेटी दुरुस्त करायला शिकायचं आहे. हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करण्याचा तीन वर्षांचा डिप्लोमा, एका संस्थेत मिळतो. तिच्याकडे त्यांचं जुनं माहितीपत्रक होतं, कोपरे दुमडलेलं. तू त्याला खूळ म्हणतेस. मी तुझ्या हॉस्पिटलात गेल्या महिन्यात अडीच तास बसले होते, कारण तुझं एक्स-रेचं मशीन रुसलं होतं आणि सहा डॉक्टर त्याच्याभोवती उभे राहून एकमेकांकडे पाहत होते. तेव्हा कुणी असलं खूळ घेऊन आलं असतं तर तू त्याला खुर्ची दिली असतीस.

मग कोटाचं. तुझी पद्धत मला पहिल्या दिवसापासून खटकत आली आहे, आज सांगते. निवडलेल्या मुलीनं बिट्टीचा पांढरा कोट घालायचा, बिट्टीच्या फोटोखाली उभं राहायचं, आणि ताईंचं अपुरं स्वप्न मी पूर्ण करीन असं म्हणायचं. सात वर्षं सात मुलींना मी तो कोट घातला आहे. एकीला तो गुडघ्यापर्यंत यायचा, एकीची बटणं लागेनात म्हणून पाठीमागे पिना लावल्या. त्यातल्या दोघी डॉक्टर झाल्या, छान झालं. चौथीनं तिसऱ्या वर्षी शिक्षण सोडलं, तुला ठाऊक आहे. हे ठाऊक नसेल की ती बाजारात मला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जाते. एका मेलेल्या मुलीचं स्वप्न मोडलं असं तिला वाटतं. वय वर्षं बावीस, आणि मान वर होत नाही. आपण शिष्यवृत्ती द्यायला बसलो होतो की आणखी काही, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

या मुलीनं कोट हातात घेतला आणि आधी बाही उलटी केली. लाँड्रीत वाढलेली पोर, कापड दिसलं की डाग शोधणार. उजव्या बाहीच्या टोकाला बारीक बारीक भोकं आहेत, तुला माहीत आहेत. त्यांच्यावरून तिनं बोट फिरवलं आणि मला हळूच विचारलं, या ताई सोल्डरिंग करायच्या का? रबरस्टँप म्हणाले, ते ॲसिड आहे, कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं. ती म्हणाली, ॲसिडनं कापड विरतं सर, धुतलं की जाळी होते. हे गोल आहे आणि कडा वितळून कडक झाल्यात. आमच्याकडे मशीनवाला येतो त्याच्या बाहीला असतात. मग तिनं कोटाची घडी घातली, अशी घडी की आठ वर्षं इस्त्री करून मला जमली नाही, आणि टेबलावर ठेवली. म्हणाली, हा त्यांच्या मापाचा आहे. मला माझा मिळाला की मी घालीन. झाला तो अपमान एवढाच.

रबरस्टँप चिडले. माझी जीभ तुला माहीत आहे, शिक्षणाधिकाऱ्याला मी एकदा त्याच्याच केबिनबाहेर बसवलं होतं. सोमवारी मात्र ती माझ्या टाळ्याला चिकटली. कारण ते ॲसिड नव्हे, हे मला माहीत होतं.

बिट्टी मेडिकल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेली तेव्हापासून दर रविवारी सकाळी माझ्याकडे यायची. तू समजायचीस, मी तिला इंग्रजी निबंध शिकवते. हॉस्टेलवरून सरळ कोटासकट यायची आणि माझ्या गॅलरीत फतकल मारून बसायची. पहिल्यांदा रेडिओ उघडला, मग पंखा, मग शेजाऱ्यांचं शिलाई मशीन. पुढे कुठूनसा रक्तदाब मोजायचा एक मोडका डबा उचलून आणला आणि तीन रविवार त्याच्यावर वाकून बसली. चौथ्या रविवारी तो चालू झाला तेव्हा तिनं माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि म्हणाली, आगाऊमावशी, तुझं प्रेशर वाढलंय, आईकडे जा. हसून हसून आडवी झाली होती. तारा जोडताना बाहीवर सोल्डरिंगच्या ठिणग्या उडायच्या. तुला काय सांगायचं म्हटल्यावर तीच म्हणाली, ॲसिड सांगू.

परीक्षेच्या दीड महिना आधी तिनं मला सांगितलं की तिला कॉलेज सोडायचं आहे. रडली नाही. म्हणाली, मावशी, पेशंटसमोर उभी राहिले की माझे हात गार पडतात, आणि त्याच्या शेजारचं मशीन पाहिलं की सगळं सुचतं. आईला तू सांग. मी म्हटलं, आत्ता नको. परीक्षा दे, वर्ष हातात असू दे, मग मी तुझ्याबरोबर येते, दोघी मिळून सांगू. मला वाटलं, मी शहाणपणाचं बोलते आहे. तुझ्या रागाला मी भीत होते, कॅप्टन, खरं कारण तेवढंच. तिनं माझं ऐकलं. परीक्षेच्या तिसऱ्या दिवशी ताप भरला तो तिनं लपवला, गोळ्या घेऊन पेपर दिले, आणि तुला कळवलं तेव्हा फार उशीर झाला होता. आयसीयूबाहेर तू मला विचारलंस, स्वतः डॉक्टरी शिकत होती, मग ताप अंगावर का काढला. मी म्हटलं, तिला परीक्षा बुडवायची नव्हती. ते खरं होतं. का बुडवायची नव्हती, ते मी गिळलं. मग तू तिच्या नावानं शिष्यवृत्ती काढलीस, तो कोट बाहेर काढलास, आणि दर वर्षी मी त्याला इस्त्री करत राहिले. आठ वर्षं. दुसऱ्यांच्या पोरींना धीटपणा शिकवत.

पाकिटात दोन कागद आहेत. एक त्या मुलीचा अर्ज, त्यावर शिष्यवृत्ती मंजूर म्हणून संस्थेसाठी तुझी सही हवी, शुक्रवारी चारच्या आत. मी साडेतीनपर्यंत तुझ्या चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसेन. माझं तोंड पाहायचं नसेल तर कागद नर्सच्या हाती पाठव. दुसरा कागद जुना आहे. त्याच माहितीपत्रकाच्या मधल्या पानावरचा प्रवेश-अर्ज, मी तो फाडून जपून ठेवला होता आणि बाकीचं पत्रक यंदा ती मुलगी शिष्यवृत्तीची चौकशी करायला आली तेव्हा तिला दिलं. अर्ज पूर्ण भरलेला आहे, फक्त पालकांच्या सहीची जागा कोरी आहे. अक्षर तू ओळखशील. हे खूळ त्या मुलीच्या डोक्यात कुणी घातलं, असं तू विचारलं होतंस. तुझ्या लेकीनं.

तुझीच,
आगाऊ