शेकलेली गाठ

वहिनी,

चिमणीच्या उजव्या भुवईच्या टोकाला एकच गाठ होती. वाटाण्याएवढी, न दुखणारी. "भावजी, हात लावू नका," असं तुम्ही बजावून गेलात. तरी मी रांजणवाडी समजून ती शेकली, दाबली. रांजणवाडी दुखते, एवढाही विचार केला नाही. "काका, पुरे रे!" म्हणून ती रडली, तर मी म्हणालो, "सायन्स शिकलोय मी."

गाठ आतल्या आत फुटली. डोळा सुजून मिटला. डॉक्टर म्हणाले, ही डर्मॉइड, म्हणजे जन्मापासूनची पिशवीसारखी गाठ; न फुटता अख्खी काढली असती तर कायमची गेली असती. आता सूज उतरल्यावर ऑपरेशन, आणि आत काही राहिलं तर पुन्हा वाढेल.

दवाखान्यात माझी आई तिच्याजवळ आहे. मी तिचे कपडे घेऊन परत तिकडेच निघालोय. फोन करायला तोंड नव्हतं, म्हणून लिहितोय.

सुजलेली पापणी उचलून डॉक्टरांनी तिच्याकडून उजव्या डोळ्याने तक्ता वाचून घेतला: सहा बाय सहा, नजर शाबूत आहे.