भिंतीवरचं गुटगुटीत बाळ

प्रिय डॉक्टरीणबाई,

अजून याच नावाने हाक मारते. आठवीत माझ्या फुटलेल्या गुडघ्याला तू रुमाल बांधलास आणि सगळ्या वर्गाने तुला हे नाव देऊन टाकलं. पुढे तू ते खरं केलंस. तुझा निरोप मिळाला होता. काडी गेल्याचं कळलं, फार वाईट वाटलं, काही लागलं तर हक्काने सांग, असा. उत्तराला उशीर झाला. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी दिवसभर पत्रं टाईप करते, तिथे तीन ओळींत विषय संपतो. हा संपेना.

माझ्या धाकट्या बहिणीला काडी हे नावही तूच ठेवलंस. ती इतकी बारीक, की वाऱ्याने उडू नये म्हणून खिशात कात्री ठेवते, असं स्वतःच सांगायची. कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला बसून ती लोकांच्या पँटी आखूड करायची, कमरा सैल करायची. म्हणायची, जगाची पोटं सुटतात म्हणून माझं पोट भरतं. ती गेल्यानंतरच्या रविवारी शेजारीण पेपर घेऊन धावत आली, "अगं, तुझी मैत्रीण छापून आलीय!" मी तुझी मुलाखत उभ्यानेच वाचली. गरोदरपणात वाढणारी साखर आशियातल्या बायकांमध्ये जास्त आढळते, अंगाने बारीक असलेल्यांतही. बाळंतपणानंतर ती उतरते, पण त्या बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढलेला असतो, बाळालाही पुढे जपावं लागतं. म्हणून दोन-तीन महिन्यांत आईची पुन्हा तपासणी करायची आणि मग अधूनमधून जन्मभर. हे ज्ञान जुनंच आहे, आपण ते वापरत नाही, असंही तू म्हणालीस. छान बोललीस. मलासुद्धा सगळं समजलं.

काडीला दिवस होते आणि तुझ्या नव्या दवाखान्याच्या भिंतींना रंगाचा वास येत होता, तेव्हाचं आठवतं का? तिची साखर वाढलेली निघाली तेव्हा तिची सासू हसली होती. "या काडीला कसली साखर? मशीन बिघडलं असेल." हसली नाहीस ती तू एकटीच. तू तिला बजावलंस, इंजेक्शन सुरू केलंस, तिला रागे भरलीस. त्याबद्दल तुला नावं ठेवणार नाही. घरचे तिला दोन जिवांचं खा म्हणून ताटात वाढत होते आणि ती तुझ्या धाकाने अर्धं परत ठेवत होती. मग ऑपरेशन झालं, हे एवढं बाळ निघालं आणि तू तिच्या खाटेजवळ येऊन म्हणालीस, "सुटलीस बाई! वार पडली, साखर गेली. आता हवं ते खा." आम्ही सगळे हसलो. काडीला हसताना टाके दुखले.

त्यानंतर बाळाला डोस द्यायला ती तुझ्याकडे कितीतरी खेपा घालत होती. दर खेपेला बाळाचं वजन व्हायचं, डोकं मोजलं जायचं, कार्ड भरलं जायचं. काडीचं काम बाळाला धरून उभं राहायचं. तिच्या बोटाला सुई कुणी टोचली नाही. दिवसभर सुयांमध्ये बसणारी बाई, तिला एका टोचण्याचं काय होतं?

साखर परत आली तेव्हा कुणाला सांगून आली नाही. तहान लागायची, तर म्हणायचे दुकानात उकडतं. थकवा आला, तर म्हणायचे पोर दमवते. सुईत दोरा जाईना, तर चष्म्याचा नंबर बदलून आणला. टाचेला खिळा लागला आणि जखम भरेना, तेव्हा कुठे कुणीतरी रक्त तपासायला पाठवलं. तोवर मूत्रपिंडं गेली होती. डायलिसिसला पहिल्यांदा नेलं तेव्हा म्हणाली, "ताई, आयुष्यभर मी मशीनवर बसले, आता मशीन माझ्यावर बसलंय." तिथली नर्स हसली. मला नाही जमलं.

तुझ्या बाहेरच्या खोलीतला तो फोटो मी परवा पुन्हा पाहिला. दवाखान्याला वर्ष झालं म्हणून तू सुदृढ बालकांची स्पर्धा ठेवली होतीस. काडीच्या लेकीला, आमच्या गब्दूला, पहिलं बक्षीस मिळालं. हातापायांना वळ्या, हनुवटीखाली हनुवटी, मागे आमची काडी, कपाट उचलल्यासारखी वाकलेली. तो फोटो मोठा करून तू भिंतीवर लावलास. किती बायकांनी त्याच्याकडे बघून म्हटलं असेल, मला असंच बाळ हवं. बाळ एवढं मोठं आईच्या साखरेमुळे झालं होतं, ते त्या खोलीत तुला एकटीला माहीत होतं. तू रोज त्याखालून आत जात होतीस.

परवा मी तिथे का आले होते, ते आता सांगते. गब्दूला आता दिवस आहेत, सहावा महिना, तिचं नाव तुझ्याकडेच घातलंय. नावाचीच गब्दू, अंगाने आता आईवर गेलीय. साखरेच्या तपासणीचं तिने तुझ्या नर्सला सांगितलं की बाहेरून करून घेते. तिने ती केलेली नाही आणि करणारही नाही. आईला मशीनवर पाहिलंय तिने. घाबरलीय. मी समजवायला गेले तर मोबाईल पुढे केला. त्यात तुझ्या भिंतीवरचा तो फोटो होता. "मावशी, मी झाले तेव्हा आई ठणठणीत होती. नाहीतर डॉक्टरांनी हा लावला असता का? आईचा आजार नंतरचा, वेगळा." मी खरं सांगितलं, तर म्हणाली, "तुला काय कळतंय, तू काय डॉक्टर आहेस?" बरोबर आहे तिचं. माझं ऐकायचं तिला कारण नाही, तुझं ऐकेल. म्हणून आले होते, फोटो बघून तशीच परत फिरले. तेव्हा हक्काने सांग म्हणालीस, तर सांगते. मंगळवारी ती येईल. त्याआधी तो फोटो उतरव. भिंतीवर ठेवू नकोस, कपाटातही नको. तुझ्या टेबलावर तिच्यासमोर ठेव आणि तिच्या आईला काय होतं, तू खाटेजवळ काय म्हणालीस आणि पुढे काय केलं नाहीस, ते तुझ्या तोंडाने सांग. पेपरातल्यासारखं 'आपण' म्हणू नकोस, 'मी' म्हण. मग तिला तपासणीचं साखरेचं पाणी दे आणि ते संपेपर्यंत तिच्याजवळ बस. मी बाहेरच्या बाकावर असेन. आत येणार नाही, पण ती बाहेर आली की तिचा चेहरा बघून मला कळेल. खाली 'तुझीच' लिहायचं की नाही, ते तेव्हा ठरवेन.

तूर्त,
आठवीतली, तुझ्या बाकावरची