पिंपातलं शिळं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

पिंप आतून लख्ख आहे, काथ्यानं घासलेलं. बघूनच रडू आलं.

पाऊस संपायच्या आत छपराचं पाणी त्यात भरून ठेवलं होतं, परसातल्या वांग्यांसाठी. नळाला हात न लावता वांगी जगवून दाखवते, नाही जमलं तर तिथं फरशी घाला, असं मीच बाबांना सांगून बसले होते. आणि आज आईनं ते सगळं गटारात ओतलं! वर नळाचं ताजं भरून ठेवलं.

"शिळं झालतं की गं," म्हणाली. घागरीतलं रोज ओतते, तसंच हेही. इतके दिवस मी घरात काय बोलत होते मग? खूप ओरडले तिच्यावर. ती नुसती त्या लख्ख पिंपाकडं बघत राहिली.

वांग्यांनी माना टाकल्या होत्या. शेवटी तेच नळाचं पाणी घालायला घेतलं, तेवढ्यात बाबा कामावरून आले.

"कुठलं पाणी गं, ग्रॅज्युएट म्याडम?"

मी तोंड उघडायच्या आत आई स्वयंपाकघरातून ओरडली, "पावसाचंच हाय की! दिसत न्हाय व्हय?"

आणि मी, सगळ्या गल्लीला खरं बोला म्हणून सांगणारी, गप्प बसले.