काकू हसल्या त्याचा खुलासा

अंधेरी,
डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप मामांस श्यामकांतचा साष्टांग नमस्कार. मामींच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलं असेल अशी आशा आहे. मी खुशाल आहे, म्हणजे स्वतः भात लावतो आणि स्वतःच खातो, कारण वसुधा गेल्या आठवड्यापासून कांदिवलीला माहेरी आहे. तुम्ही तिच्या वडिलांचे, अण्णांचे, शेजारी (आणि आमच्या लग्नातले मध्यस्थ), तेव्हा तुमच्या कानावर एकच बाजू आली असणार. दुसरी ही.

वाचनालयाच्या फळ्यावर मी चित्रपटांची परीक्षणं लिहितो. भुताच्या चित्रपटांविषयी माझं मत जगजाहीर आहे. ज्या भुताला मेणबत्ती सांभाळत तीन कडव्यांचं गाणं म्हणायची फुरसत असते, त्याला मी घाबरत नाही (मागे अशाच एका भुताला मी मोठ्यानं हसलो, तेव्हा डोअरकीपरनं बाहेर काढलं, मत बदललं नाही). खरी भीती घरातलं माणूस गेल्यावर वाटते आणि हसणं हाच तिच्यावर उतारा, असं माझं म्हणणं. आता अण्णांचे थोरले बंधू काशीरामकाका दसऱ्यानंतर गेले. आपल्याकडे दुखवटा काढायला नातलग गोडाचं जेवायला बोलावतात, मग देवळात नेतात. मी सगळ्यांना बोलावलं, श्रीखंड-पुरी झाली, आणि देवळाऐवजी टॉकीजमध्ये नेलं. चित्रपट इंग्रजी, विनोदी. एक म्हातारा आरामखुर्चीत बसल्याबसल्या मरतो, पण घरात कुणाच्या लक्षात येत नाही, आणि लक्षात आल्यावर पेन्शन बुडू नये म्हणून त्याला तसाच बसवून ठेवतात.

काशीरामकाकाही आरामखुर्चीतच गेले होते आणि काकूंनी त्यांच्यापुढे दोनदा चहा ठेवला होता, हे मला ठाऊक होतं. चित्रपटात चहा येणार हे ठाऊक नव्हतं (परीक्षकानं आधी चौकशी केली तर मत कलुषित होतं). पडद्यावर म्हाताऱ्याची बायको कपबशी घेऊन आली आणि आमची सबंध रांग गारठली. अण्णा उठून उभे राहिले. मागून कुणीतरी "ओ शेठ, बसा ना खाली" म्हणालं. तेवढ्यात काकू हसल्या. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नाही, पण गेलेल्या माणसाला चहा द्यायला भाषा लागत नाही. तोंडाला पदर लावून, डोळे पुसत त्या मध्यंतरापर्यंत हसत होत्या. लोक काय म्हणतील, असं अण्णा म्हणाले. लोकांना पत्ताच नव्हता, पण दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं, ‘आमच्या चुलत सासूबाई दुखवट्यात हसल्या, याहून मोठं प्रशस्तिपत्र नाही.’ वसुधानं ट्रंक भरली. आधी फळा पुसा, मग मी येते, असं सांगून गेली.

मामा, मी पुसणार नाही. चित्रपट उत्तम आहे (उत्तरार्ध लांबला, तेही मी लिहिलं आहे). इतके दिवस अण्णांच्या घरात काकूंपुढे काकांचं नावसुद्धा कुणी काढलं नाही, सगळे लांब चेहरे करून त्यांच्याभोवती वावरत होते. मला त्याचा राग येतो. अण्णांनी खुशाल रुसावं.

आपला आज्ञाधारक (हे प्रकरण सोडून),
श्यामकांत

ता. क. फळा काल पुसला. वसुधाला एवढं जरूर सांगा. मत पुसलेलं नाही, ते सांगू नका. घर खायला उठतं.

ता. क. दुसरा. खरं काम हे. रविवारी त्या चित्रपटाचा शेवटचा खेळ आहे. अण्णांना देवळाचं सांगून काकूंना इकडे घेऊन या. सोबतीला वसुधा येईलच, तिच्या शेजारची खुर्ची मला ठेवा. बेत माझा नाही, काकूंनीच निरोप पाठवलाय. त्या दिवशी टॉकीजच्या पायऱ्या उतरताना त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "जावईबापू, चहा गार केलात म्हणून मी ह्यांच्यावर ओरडले होते. तेव्हापासून तेच मनात होतं. ती मडमसुद्धा तश्शीच ओरडली हो." तेवढं चहाचं त्यांना पुन्हा एकदा बघायचंय.