यान लोहगावी मुक्कामाला

३ डिसेंबर, बुधवार. सकाळी ६.२०
पेपरात बातमी. अंतराळात जाऊन आलेलं खासगी यान म्युझियममध्ये ठेवायला परदेशी नेतायत. मोठ्या विमानाच्या पोटाला बांधून. वाटेत ११ तारखेला आपल्या लोहगाव विमानतळावर एक रात्र मुक्काम!
पायलटचं स्वागत कुरुळी गावातर्फे मीच करणार. बावीस वर्षं चाकणच्या कंपनीत क्रेन चालवतोय. अवजड वस्तू हवेत नेणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा कोण?
संकल्प : रोज दहा वाक्यं इंग्रजी. भात बंद.

दुपारी १.३०
भात खाल्ला. एकदम सोडला तर शरीराला धक्का बसतो.

५ डिसेंबर, शुक्रवार
भाचा ओंकार विमानतळावर मोठ्या पोस्टवर आहे. सामानाच्या सगळ्या ट्रॉल्या त्याच्याच हातात. फोन केला. म्हणाला, मामा, कुणालाच आत सोडणार नाहीत. म्हणजे फक्त मान्यवरांना सोडणार. बरोबर आहे, शिस्त हवीच.
कंपनीत सांगून टाकलं, पायलटसोबतचा फोटो दाखवतो. लाइनवरचा गणराज हसला. लोक जळतात.
इंग्रजी : तीन वाक्यं. दोन आधीच येत होती.

८ डिसेंबर, सोमवार
स्वागताचा फ्लेक्स छापून आला. माझा फोटो मोठा, यान खाली कोपऱ्यात. जयमालाने विचारलं, हे झुरळ कशाला छापलं? बायकोला विज्ञानात रस नाही.
आमचे वडील, आबाजी, म्हणाले, "पर त्ये हितं थांबतंय कशाला?" म्हटलं, विश्रांतीला. "मंग झोपू द्या की त्याला."

१० डिसेंबर, बुधवार
जयमालाच्या बचत गटाला उद्या साठ माणसांच्या जेवणाची ऑर्डर. मासवडी-भाकरी. ओंकारनेच मिळवून दिली म्हणे. लोहगावकडे कुणी पाहुणे आहेत. डबे उचलायला माणूस हवाय, तुमच्या नावाचा पास काढू का, म्हणाली. म्हटलं, उद्या मला आंतरराष्ट्रीय काम आहे. नवऱ्याला हमाल समजते! तिने शेजारच्या शालनबाईंचं नाव घातलं.

११ डिसेंबर, गुरुवार. दुपारी ४.१०
रजा टाकली. फेटा, हार, फ्लेक्स घेऊन विमानतळाच्या गेटवर. जवानाशी इंग्रजीत बोललो. तो मराठीत म्हणाला, काका, मागे सरका.

५.३५
प्रचंड आवाज. सगळे वर बघून ओरडले. नेमका वारा सुटला आणि फ्लेक्स माझ्याच तोंडावर आला. त्यातून बाहेर पडेपर्यंत यान भिंतीपलीकडे.

रात्री ८.४५, घरी, अंथरुणात
जयमाला आली. पाहुणे म्हणजे यानाचीच माणसं! हँगरमध्ये पंगत बसली. पायलट चक्क बाई आहे. रश्शाने डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने वाटी पुन्हा पुढे केली. मोबाइलमध्ये फोटो : मध्ये पायलट, दोन्हीकडे जयमाला आणि शालनबाई, मागे यान. जयमालाने यानाला हातही लावला.
न राहवून विचारलं, कसं लागलं? म्हणाली, "गार. तुम्ही हवे होतात हो. डबे लई जड होते."
मी कूस बदलली.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ६.५०
यान निघायची वेळ. आपल्या गच्चीवरून दिसेल म्हणून सगळी आळी वर जमली. जयमाला दोनदा हाक मारून गेली. तत्त्व म्हणून उठलो नाही. गोधडी डोक्यावर घेतली.
आवाज आला. थेट छपरावरून गेला. टाळ्या, शिट्ट्या. मग मात्र अनवाणी धावलो. जिन्यात गुडघा आपटला.
आभाळ स्वच्छ. एक ढग नाही. काहीच नाही.
आबाजी म्हणाले, "आत्ताच गेलं बघ. लई खाली आलं हुतं. पार नट-बोल्ट दिसले."