घाई कोणाची होती

वारंगा फाटा
गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४

इनायत,

अस्सलामु अलैकुम. आमी इथं ठीक आहोत, तुमी सगळे जवळा बाजारात ठीक असाल. सोयाबीन निघालं. माझा गुडघा होता तिथंच आहे. मुजफ्फरचं पंक्चरचं दुकान बरं चालून राहिलं. निवडणुकीचे भोंगे दिवसभर कोकलतात. झाली ख्यालीखुशाली.

पत्र काहून, असं वाटंल. फोन केला की भाभीचा नंबर बघून तू कट करतोस. पत्र कट करता येत न्हाई. फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस वाचतंच. माझी शाळा तिसरीपर्यंतची, चुका काढत बसू नको.

आता मुद्द्याचं. माझ्या नातीला, मुजफ्फरच्या उझ्माला, तू काय शिकवून राहिलास?

मला येडी समजू नको. पोरगी दर मंगळवारी लायब्ररीत जाते म्हणते आणि पिशवीत जवळा बाजारचं तिकीट निघतं. वरून परवा भांडी घासता घासता गुणगुणली. शेवटाला सूर खाली सोडून परत उचलायची ती खोड आपल्या बँडमधी एकाच क्लॅरिनेटची होती, तुझ्या. एकोणीस वर्षांनी ऐकली. माझी भाकर करपली.

आणि हे तिचं नवीन खूळ. पायाखाली एक पट्टी असते. ती दाबली की माइकमधी गायलेलं मशीन धरून ठेवतं आणि फिरून फिरून वाजवतं. त्याच्यावर टाळी, टाळीवर ढोलकी, ढोलकीवर परत गळा. एकटी पोरगी अकरा जणांचा बँड उभा करते. मी म्हटलं, "मंग बाकीच्या दहा जणांनी काय करायचं?" तर म्हणते, "दादी, बाकीचे आता आहेत कुठं?" तोंडाळ आहे. कोणावर गेली ते सांगायची गरज न्हाई.

एक डिसेंबरला हिंगोलीत तिचा पयला कार्यक्रम आहे. त्याच्यासाठी लॅपटॉप, माइक आणि माइकचा आवाज लॅपटॉपात घालायची एक डबी घ्यायची. एस.टी.त मांडीवर मावलं पाहिजे आणि लाइट गेली तरी दोन घंटे टिकलं पाहिजे. दुकानदारानं फोनवरच एक ठरवून ठेवलाय म्हणे. जो गिऱ्हाईक न बघता माल ठरवतो त्याच्यावर माझा भरोसा न्हाई. रविवारी मी सोबत जाणार.

मला शक आहे की हे सगळं तूच पेरलंस. तुझ्या भाईजानवरचा, माझ्या मालकावरचा राग पोरीकडून काढायचा असंल तर तोंडावर सांग.

रविवार, संध्याकाळ

वरचं पत्र टाकलं न्हवतं. आता टाकते. पण हे वाचल्याबिगर फाडू नको.

दुकानदाराचं नाव कुलदीप. केसाला तेल न्हाई, जिभेला भरपूर. त्यानं काढलेल्या लॅपटॉपच्या बटनांखाली लाल-निळे दिवे, मोहरमच्या सवारीसारखे. उचलला तर पाट्यासारखा जड. चालू केला तर आतला पंखा घरघरायला लागला. मी म्हटलं, "ही घरघर माइकमधी उतरंल, मंग ती पण फिरून फिरून वाजंल." कुलदीप म्हणतो, "आजी, तुम्ही पाणी घ्या."

उझ्मानं माइक जोडून ठेका धरला, त्याच्यावर गायली. दोन फेऱ्यांत टाळी एकीकडं, गळा एकीकडं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. कुलदीप म्हणाला, "मशीन बरोबर आहे, ताई. तुम्ही घाई करताय."

इनायत, ते ऐकलं आणि मी पाण्याचा गिलास खाली ठेवला.

मी म्हटलं, ते कानाचं आण इकडं. पदर सारून हेडफोन लावला आणि माइकपुढं चुटकी वाजवली. बोटाला आधी कळली, कानात मागून आली. केसभर मागून. परत वाजवली, परत मागून.

"घाई पोरीची न्हाई. उशीर तुझ्या मशीनचा आहे."

"आजी, एवढं कोणाला ऐकू येतं?"

"मला येतं. वर्षभर ऐकलंय."

मंग कोपऱ्यातला एक करडा, हलका, बिनदिव्याचा लॅपटॉप काढायला लावला. आवाजाची डबी तारेनं त्याला जोडली. पंखा गप. चुटकी बोटात आणि कानात एकदमच. तोच घेतला.

येताना एस.टी.त उझ्मानं इचारलं, "दादी, वर्षभर कुठं ऐकलंस?"

म्हंजे तू तिला काहीच सांगितलं न्हाईस. इतके मंगळवार पोरगी तुझ्यापुढं बसली आणि तू भाईजानचं नाव खराब केलं न्हाईस. मंग मीच सांगितलं तिला. आता तुला.

त्या शेवटच्या वर्षी भाईजानचा ढोल असाच केसभर मागून यायचा. अंगणात तुमचा रियाज, मी चुलीपाशी. त्यांचा उजवा कान गेला होता, चहाला हाक मारली तर दुसऱ्या हाकेला वळायचे. बँडच्या मास्तरचा ढोल म्हणून बाकीचे सगळे त्याच्यासंगं मागं सरकायचे. तू एकटा सरकला न्हाईस. नरसीला व्यंकटरावाच्या पोरीच्या वरातीत सगळं फिसकटलं, लोक हसले, आणि भाईजाननी चारचौघांत तुझ्या डोक्यावरची बँडची टोपी काढून घेतली. म्हणले, "हा घाई करतो."

तू तिथून थेट घरी आलास. दारातूनच म्हणलास, "भाभी, तुमी रोज ऐकता. सांगा, घाई कोणाची होती?"

मी म्हटलं, "मला चुलीपाशी काय कळतं."

मला कळत होतं. पण मास्तर बहिरा म्हटल्यावर लग्नाची सुपारी कोण देतं? तुझं सोडून दहा घरं होती त्या ढोलावर. तू एकटा, क्लॅरिनेट घेऊन कुठंबी पोट भरशील, असा इचार केला मी. बँड तरी कुठं वाचला? दोन वर्षांत डीजे आलाच. भाईजानला जाऊन सहा वर्षं झाली. तुझीच घाई होती असं समजून ते गेले. त्यांनाबी मी सांगितलं न्हाई.

माफी मागत न्हाई. मागितली तर तुला द्यावी लागंल, आणि तू देशील का याचा मला शक आहे.

उझ्मा म्हणते, मशीनमधी पयला फेरा नीट गेला पाहिजे. तो तिरपा गेला की वरचं सगळं तिरपं. तर एक डिसेंबरला पयला फेरा तू फुंक. पोरगी तुझ्या चालीनं चालंल. व्यंकटरावाला मी बोलावलंय. तुझं फुंकायच्या आधी मी माइकमधी सांगणार आहे, उशीर कोणाचा होता आणि गप कोण बसलं. उझ्माला बजावलंय, त्या टायमाला पट्टी दाबायची न्हाई. एकदाच सांगणार.

तुझी टोपी माझ्याच पेटीत आहे. एका बाजूनं कसरीनं खाल्ली, बाकी बराबर आहे. घेऊन येते.

तुझी भाभी, चुलीपाशी सगळं ऐकू येत होतं ती,
मदीनाबी