नॉट टू मच

अण्णा,

काल आईला गुडघ्यांसाठी डॉक्टरांकडे नेलं होतं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या. त्यांनी आईला कन्नडमध्ये विचारलं, किती दुखतं. आई म्हणाली, "स्वल्प." मी मध्येच म्हणाले, थोडं नाही, फार दुखतं, उठताना भिंत धरावी लागते. त्यांनी माझं लिहून घेतलं. ऑटोत बसल्यावर आई बाहेर बघत म्हणाली, "एवढं कशाला सांगायचं? घरातलं सगळं करतेच आहे की मी." वाक्य तिच्या तोंडून आलं, पण ते तुमचं होतं. तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ते अजून आमच्याबरोबर ऑटोत बसतं. म्हणून हे लिहिते आहे. कुठे पाठवायचं नाही, हे मला माहीत आहे.

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत बोम्मसंद्र्याच्या कारखान्यातला पत्रव्यवहार उरकून तुम्ही कंपनीच्या बसने घरी यायचात आणि तोंड धुऊन लगेच बाहेरच्या खोलीत शिकवायला बसायचात. कॉम्प्युटरच्या नोकऱ्या शहरात येऊ लागल्या होत्या. पुण्याकडून, नागपुराकडून आलेली मुलं मुलाखतीपुरतं इंग्रजी सुधारायला तुमच्याकडे येत. तुमचा आवडता शब्द होता 'टू'. व्हेरी म्हणजे खूप, एवढंच. टू म्हणजे इतकं, की पुढचं काही होऊ शकत नाही. पेटी टू हेवी असेल तर ती उचलता येत नाही. कुणी नुसतंच टू म्हटलं की तुम्ही बोट वर करायचात, "मग काय होत नाही?" एकदा पुण्याचा एक मुलगा आईच्या हातचा चहा पिऊन म्हणाला, "सर, चहा टू गुड." तुम्ही म्हणालात, "टू गुड? म्हणजे पिता येत नाही?" आई आतून म्हणाली, "पिता येत नसेल तर कप आत पाठवा म्हणावं, मी पिते." सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुम्ही चांगले शिक्षक होतात, हे मी नाकारत नाही. राग त्याचाच जास्त येतो.

दहावीचा निकाल घेऊन मी धावत आले होते. दारातूनच म्हणाले, "अण्णा, आय ॲम टू हॅपी." तुम्ही गुणपत्रिकेसाठी हात पुढे केला नाहीत. "टू हॅपी टू डू व्हॉट?" मी एक चप्पल पायात, एक बाहेर, अशी उंबऱ्यावर उभी. "व्हेरी हॅपी," मी म्हणाले. मग तुम्ही हात पुढे केलात. आई पोळपाट सोडून उठून आली. पिठाचा हात माझ्या गालाला लावून म्हणाली, "असू दे गं. टू हॅपीच हो तू."

तिचं पोट दुखू लागलं तेव्हा मी कॉलेजात होते. उजवीकडे, बरगडीखाली. जेवल्यावर कळ यायची. ओट्याची कड धरून ती उभी राहायची आणि कळ ओसरली की पुढची भाकरी थापायला घ्यायची. एका रविवारी ती तुम्हांला म्हणाली, "अहो, फार दुखतंय." तुम्ही वर्तमानपत्र खाली केलंत आणि विचारलंत, "स्वयंपाक जमतोय ना?" तिनं विचार केला. एखाद्या विद्यार्थिनीसारखा, अगदी प्रामाणिकपणे. "जमतोय," ती म्हणाली. बाहेरच्या खोलीतले तुमचे धडे भिंतीपलीकडून तिनेही ऐकले होते. तुम्ही इथल्या शिवाजीनगरला जाऊन शेकायची रबरी पिशवी आणलीत. चांगली, महागाची. पाणी तापवून स्वतः भरून दिलीत. तिचं रबर केव्हाच चिरलं, पण आई ती टाकू देत नाही.

शेवटी मी हट्ट धरला म्हणून तुम्ही तिला डॉक्टरांकडे नेलंत. त्या खोलीत आपण तिघं बसलो आहोत. डॉक्टर आईकडे बघून विचारतात, "नोवु तुंबा इदेया, अम्मा?" फार दुखतं का, एवढंच. आई इथल्याच चिकपेटेतल्या कापडवाल्याच्या घरात वाढलेली, तिला कन्नड मराठीइतकंच येतं. ती तोंड उघडते. तुम्ही खुर्चीत पुढे सरकता आणि इंग्रजीत म्हणता, "देअर इज पेन, डॉक्टर. बट नॉट टू मच. शी इज मॅनेजिंग द हाउस." आई तोंड मिटते. डॉक्टर पित्ताच्या गोळ्या लिहून देतात. वाक्य बिनचूक होतं, अण्णा. तुमच्या वर्गात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण प्रश्न तिला विचारला होता. तिचं दुखणं तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलंत, भाकऱ्यांनी मोजलंत, आणि लहान करून पलीकडे दिलंत. माझ्या डोळ्यांदेखत, आणि शुद्ध इंग्रजीत.

त्यानंतर एका सकाळी ती स्वयंपाकघरात कोसळली. तवा गॅसवर तसाच होता. पित्ताशय फुटलं होतं. शस्त्रक्रिया करून सर्जन बाहेर आले, त्यांचा आवाज चढलेला होता. इतके दिवस काय करत होता, त्यांनी तुम्हांला विचारलं. तुम्ही म्हणालात, "शी वॉज मॅनेजिंग." तेव्हाही. ती जगेल की नाही हे सांगता येत नव्हतं, आणि तुम्ही अजून तेच वाक्य भूतकाळात चालवत होतात. ती वाचली. तुमच्यामुळे नाही. घरी आल्यावर तुम्ही तिला एकदाही म्हणाला नाहीत, की माझं चुकलं. मी वाट पाहिली. तिनं पाहिली की नाही, तिनं कधी सांगितलं नाही.

मग तुमची पाळी आली. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, बोलता येत नव्हतं. नर्स आली आणि तिनं आईला विचारलं, यांना दुखतंय का. आईनं तुमच्याकडे पाहिलंही नाही. पुराव्यासाठी थांबली नाही. "तुंबा नोवु, सिस्टर," ती म्हणाली, "तुंबा, तुंबा." इतक्या मोठ्याने बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. काय होत नाही, असं तिला कुणी विचारलं नाही. इंजेक्शन दिलं गेलं. तुमच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते आणि मला तुमचा जेवढा राग आला, तेवढा त्या डॉक्टरांच्या खोलीतही आला नव्हता. तुम्ही तिला ऐकलंत का? मास्कमागे, त्या क्षणी, तिनं तुम्हांला काय दिलं ते तुम्हांला कळलं का? दुसरं काही मला तुम्हांला विचारायचं नाही.

आत्ता आई दारात आली होती. काय लिहितेस, म्हणाली. मी म्हटलं, "अण्णांना." तिला नवल वाटलं नाही. चौकटीला धरून उभी राहिली, गुडघ्यांवर भार नको म्हणून.

"अजून राग आहे त्यांच्यावर? फार?"

"स्वल्प," मी म्हणाले.

"सरी, बरं," ती म्हणाली आणि भिंत धरत आत गेली. तिला ते खरं वाटलं नसावं.